दवाखान्याचे बिल आणि आडत्याची पट्टी

मार्केट यार्डातून कांद्याची पट्टी हातात पडली की तुम्ही आधी काय बघता? वजन बघता, भाव बघता आणि मग कपातीवर बोट ठेवता. हमाली किती लावली, तोलाई किती, वाराई कशाची. शेतकऱ्याच्या पट्टीतून आडत कापायची नाही असे २०१६ मध्ये ठरले. त्यानंतर कुणी दुसऱ्या नावाखाली चार रुपये कापले तरी ते तुमच्या नजरेतून सुटत नाहीत. दहा रुपयांसाठी तुम्ही आडत्याशी हुज्जत घालता आणि ते बरोबरच आहे. पण हाच शेतकरी, घरचे कुणी खासगी दवाखान्यात असले की सत्तर-ऐंशी हजारांचे बिल घडी करून खिशात घालतो. वाचत नाही, विचारत नाही. घरी आल्यावर मग सोनेतारण करायचे, सोसायटीच्या दारात जायचे की बैलजोडी काढायची, याचे गणित मांडत बसतो.

कृषी खात्याच्या माणसाने दवाखान्याच्या बिलावर का लिहावे, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर बांधावरच मिळते. खरिपाच्या तोंडावर आम्ही गावोगाव फिरतो. बीजप्रक्रिया करा, माती परीक्षणाप्रमाणे खत द्या, ठिबकचा तुमचा हिस्सा भरा, असे सांगतो. समोरचा ऐकून घेतो, मान डोलावतो आणि शेवटी म्हणतो, "साहेब, समदं खरं हाय, पण पैसा दवाखान्यात गेला." पीककर्ज उचलले ते आईच्या ऑपरेशनला लागले, तूर विकली ती पोराच्या डेंग्यूला लागली. हे ऐकले नाही असा हंगाम जात नाही. पिकावर येणाऱ्या किडीला आमच्याकडे औषध आहे. या किडीला काय करायचे, ते निदान कायद्यात काय लिहिले आहे तेवढे तरी ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी तुमच्या ओळखीच्या दुकानापासून सुरुवात करू. कृषी सेवा केंद्राच्या दारात साठा व भावफलक असतो. तो दुकानदाराच्या मर्जीने लावलेला नसतो. खत नियंत्रण आदेश १९८५ प्रमाणे विक्रेत्याने साठा आणि भाव लोकांना दिसेल असा लिहायचा आहे आणि प्रत्येक विक्रीची पावती द्यायची आहे. फलक नसला तर आमचे गुणनियंत्रण निरीक्षक नोटीस काढतात. आता तालुक्याच्या खासगी दवाखान्यात जा आणि असा फलक शोधा. बहुतेक ठिकाणी देवाचा फोटो दिसेल, 'शांतता राखा' दिसेल, 'बिल भरल्याशिवाय डिस्चार्ज मिळणार नाही' अशी पाटीसुद्धा दिसेल. दराची पाटी दिसणार नाही. दिसली तर त्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा.

वास्तविक ती पाटी लावणे दवाखान्याला बंधनकारक आहे. महाराष्ट्रात खासगी दवाखान्यांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते. या कायद्याचे नियम जानेवारी २०२१ मध्ये सुधारले गेले. त्यात दोन गोष्टी पहिल्यांदा स्पष्ट आल्या. पहिली म्हणजे रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची. दुसरी म्हणजे दरपत्रक लावायचे. त्यात दाखल करून घेण्याची फी, खाटेचा दिवसाचा दर, आयसीयूचा दर, डॉक्टरांच्या एका तपासणीची फी, सहायक डॉक्टरची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटरचे भाडे, नर्सिंग, सलाईन आणि रक्त चढवणे, मॉनिटर, ऑक्सिजन, रक्त-लघवीच्या तपासण्या, एक्स-रे, सोनोग्राफी या बाबी येतात. म्हणजे बिलात ज्या ज्या नावाने आकडा येऊ शकतो, त्या जवळजवळ प्रत्येक नावाचा दर आधी भिंतीवर हवा. हे नियम येऊन वर्षे लोटली. आपल्यापैकी किती जणांनी "दरपत्रक दाखवा" असे एकदा तरी काउंटरवर म्हटले आहे?

दरपत्रकाने काय फरक पडतो, हे आमच्या मंडळातल्या एका गावच्या उदाहरणाने सांगतो. अपेंडिक्सचे ऑपरेशन होते. नातेवाइकांनी विचारले, खर्च किती येईल? डॉक्टर म्हणाले, "अठ्ठावीस-तीस हजारांत होऊन जाईल." चौथ्या दिवशी बिल आले अडुसष्ट हजारांचे. घरच्यांना वाटले, डॉक्टर खोटे बोलले. पण बिल उलगडून बघा. ऑपरेशन आणि थिएटर अठ्ठावीस हजार, म्हणजे सांगितले तेवढेच. त्यापुढे खोली रोज अडीच हजारांप्रमाणे चार दिवसांचे दहा हजार, भूलतज्ज्ञ सहा हजार, सहायक डॉक्टर चार हजार, नर्सिंग रोज आठशेप्रमाणे बत्तीसशे, तपासण्या पाच हजार तीनशे आणि औषधे साडेअकरा हजार. डॉक्टरांनी ऑपरेशनचा आकडा सांगितला, नातेवाइकांनी तो आजाराचा आकडा समजला. मधले चाळीस हजार या एका गैरसमजात गेले. आणि तो गैरसमज दूर करायची घाई कुणालाच नव्हती.

नांगरटीचा भाव ठरवताना तुम्ही काय विचारता? "डिझेल धरून का डिझेल सोडून?" हाच प्रश्न दवाखान्यात विचारायचा आहे. सगळे धरून का? खोली, भूल, औषधे, तपासण्या धरून किती होतील? आणि जे सांगाल ते कागदावर लिहून द्या. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्ण हक्कांची जी सनद तयार केली, तिच्यातही दर आधी कळण्याचा आणि बाबवार बिल मिळण्याचा हक्क धरलेला आहे. डॉक्टर म्हणतील, शरीराचा भरवसा नाही, आकडा पुढेमागे होतो. हे खरे आहे. पोट उघडल्यावर वेगळेच निघाले तर खर्च वाढणारच, त्याला डॉक्टर काय करील. पण भूलतज्ज्ञ लागणार हे पोट उघडायच्या आधीपासून ठाऊक असते. खाटेचे भाडे लागणार हेही ठाऊक असते. जे ठाऊक आहे ते सांगायला काय हरकत?

बिल हातात आल्यावर कपातीवर जसे बोट ठेवता तसे ओळीओळीवर ठेवा. एकूण एक आकडा लिहिलेला कागद हे बिल नव्हे. बाबवार तपशील मागा. दाखल झाल्याची आणि सोडल्याची वेळ बघा आणि दिवस मोजा. रात्री अकराला दाखल केलेल्या माणसाचा तो पूर्ण दिवस धरला असेल तर तसा त्यांचा नियम आहे का, ते विचारा. डॉक्टरांच्या व्हिजिट किती लावल्या आणि प्रत्यक्ष किती वेळा आले, हे शेजारी बसलेल्या बाईला बरोबर ठाऊक असते. आमच्याकडे बायका दुधाचा हिशेब भिंतीवर रेघा मारून ठेवतात. तशाच रेघा दवाखान्याच्या पिशवीवर माराव्यात, म्हणजे झाले.

औषधांचा भाग सगळ्यात निसरडा. चिठ्ठ्यांमागून चिठ्ठ्या येतात, पोरगा खालच्या मेडिकलमध्ये पळतो, पिशवी भरून आणतो आणि नर्सच्या हाती देतो. त्यातले काय वापरले, काय उरले याचा हिशेब कोण ठेवतो? उरलेले न फोडलेले औषध परत करून पैसे घ्यावेत आणि त्याची पावती घ्यावी. शिवाय औषध दवाखान्याच्याच दुकानातून घेतले पाहिजे अशी सक्ती करता येत नाही. मार्च २०२५ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयापुढे होता. न्यायालयाने देशभरासाठी सरसकट आदेश न देता धोरण ठरवण्याचे काम राज्यांवर सोपवले. त्यानंतर त्याच वर्षी आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने, 'येथूनच औषध घेणे बंधनकारक नाही' अशी पाटी दवाखान्यांतल्या औषध दुकानांत लावण्यास सांगितले. हृदयाच्या स्टेंटचे तर भावच केंद्राने फेब्रुवारी २०१७ मध्ये बांधून दिले. औषध सोडणाऱ्या स्टेंटला त्या वेळी २९,६०० रुपये कमाल भाव ठरला, पुढे घाऊक किमतींच्या निर्देशांकाप्रमाणे तो बदलत गेला. तेव्हा स्टेंट बसवला असेल तर त्याचे नाव, कंपनी आणि किंमत बिलात वेगळी लिहून मागा. 'पॅकेज' या शब्दाखाली पुष्कळ काही झाकले जाते.

आता तातडीच्या वेळेचे बघू. फवारणी करताना विषबाधा झाली, साप चावला, थ्रेशरमध्ये हात गेला, रात्री मोटारसायकल पुलावरून खाली गेली. अशा वेळी दरपत्रक कोण बघत बसणार, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी कायदा वेगळे सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच म्हटले की जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य, पोलीस केस वगैरे नंतर. १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या खटल्यात, रेल्वेतून पडलेल्या एका मजुराला एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी परत पाठवले होते. तेव्हा न्यायालयाने सरकारला भरपाई द्यायला लावली. धर्मादाय रुग्णालयांना तर तातडीच्या रुग्णाकडून अनामत मागायचीच नाही असे बंधन आहे. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातल्या एका गर्भवतीकडे अनामत मागितल्याच्या आरोपावरून राज्यभर गदारोळ झाला, त्यानंतर हे बंधन पुन्हा एकदा बजावले गेले. बजावावे लागले यातच सगळे आले.

साप चावला तर मात्र खासगीच्या वाटेला आधी जाऊच नका. सर्पदंशाची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. १०८ ची गाडी जानेवारी २०१४ पासून राज्यात आहे, तिलाही पैसे लागत नाहीत. भाड्याची गाडी केली की गाडीवाला सांगेल त्या दवाखान्यात पाय पडतो, आणि तो तोच दवाखाना का सांगतो याचा विचार ज्याने त्याने करावा. आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासणी, उपचार सगळेच मोफत केले आहे. तिथे गर्दी असते, कधी डॉक्टर नसतो, कधी मशीन बंद असते, हे मी नाकारत नाही. पण बिलाचा फटका तिथे बसत नाही.

खासगीतच जायची वेळ आली तर दारातच एक प्रश्न विचारा. "इथं फुले योजना आहे का?" महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. आपल्या लोकांच्या डोक्यात अजून "ती पिवळ्या कार्डवाल्यांची" हेच बसले आहे. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा मिळून चौदा जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना ती पूर्वीच लागू होती. १ जुलै २०२४ पासून तर कार्डाचा रंग कुठलाही असो, राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना ती लागू आहे आणि वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत उपचार आहेत. प्रत्येक आजार तिच्यात बसत नाही आणि प्रत्येक दवाखाना तिच्यात नाही. पण जिथे बसतो तिथे तपासण्या, ऑपरेशन, औषधे, जेवण आणि एसटीचे परतीचे भाडेसुद्धा त्यात धरलेले आहे. त्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला गाठा. तातडीचे असेल तर फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू होतात, कागद मागाहून देता येतात. योजनेतल्या रुग्णाकडून वर पैसे मागितले तर १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या नंबरवर तिथल्या तिथे सांगा. "आधी भरा, मंजुरी आली की परत देतो" असे कुणी म्हणाले तर पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. पावती म्हटले की पुष्कळ मागण्या आपोआप विरतात, हा अनुभव आहे.

दुसरी सोय धर्मादाय रुग्णालयांची. ट्रस्टने चालवलेली मोठमोठी रुग्णालये राज्यात चारशेहून अधिक आहेत. सरकारकडून आणि समाजाकडून सवलती घेतलेल्या असल्याने, उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे त्यांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्यायच्या आहेत. त्यासाठी प्रत्येक बिलाच्या दोन टक्के रक्कम ते वेगळ्या निधीत टाकतात. म्हणजे बाकीच्या रुग्णांचे बिल भरताना तुमच्या-आमच्यासारख्यांचेच पैसे त्यात पडतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. कोरडवाहू शेतकरी यात सहज बसतो. पण तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला पाहिजे, आणि तो माणूस आयसीयूत असताना काढायला लागलो तर काय होते ते सांगायला नको.

इथे गावच्या अधिकारी मंडळींना दोन शब्द. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे, आम्हा कृषी सहायकांचेही नाव बदलून सहायक कृषी अधिकारी झाले. पाट्या बदलल्या, काम तेच. गावातल्या निम्म्या अडचणी रेशनकार्डाशी येऊन थांबतात. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या कार्डावर, नातवाचे नाव कुठेच नाही, आणि बाळंतपणात गुंतागुंत झाली की पळापळ. ज्या गावात सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी एक दिवस बसून कार्डांची नावे जुळवून घेतली, तिथे हा गोंधळ कमी झालेला मी पाहिला आहे. आशाताईंना घराघराची खडान्‌खडा माहिती असते, त्यांना सोबत घ्या. आणि रेशन दुकानाच्या भावफलकाशेजारी तालुक्यात आणि जिल्ह्यात योजनेत असलेल्या दवाखान्यांची नावे लिहा. रंगाचा डबा आणि ब्रश, याहून जास्त खर्च नाही.

आमच्या खात्याशी संबंध असलेला एक गैरसमजही इथेच दूर करतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यू झाल्यास दोन लाख आणि अपंगत्व आल्यास त्याप्रमाणात मदत मिळते. साप चावून मृत्यू झाला तरी मिळते. पण ती दवाखान्याच्या बिलासाठी नाही. "मुंड्यांच्या योजनेतून बिल निघंल" म्हणून उसने काढलेल्यांची फसगत झाली आहे. तिचा अर्ज तीस दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो, ते वेगळे काम, ते विसरू नका.

बिल भरता येत नाही तेव्हा जे घडते ते सगळ्यात वाईट. माणूस बरा झाला तरी खाटेवरून हलू देत नाहीत, किंवा माणूस गेला तर प्रेत देत नाहीत. २०२१ च्या नियमांप्रमाणे पैशासाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही. बऱ्या झालेल्या माणसाला बिलापायी अडकवून ठेवणेही बेकायदा आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ते स्पष्ट शब्दांत सांगितले, आणि कुणाला असे डांबणे हा भारतीय न्याय संहितेप्रमाणे गुन्हा आहे. याचा अर्थ बिल बुडवायचे असा नाही. दवाखान्याचे जे वाजवी देणे आहे ते लागते, आणि न दिल्यास त्यांना दिवाणी दावा करता येतो, जसा सोसायटी करते. पण माणूस तारण ठेवता येत नाही. असा प्रसंग आला तर ओरडाआरडा करण्यापेक्षा पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. काचा फोडणे, डॉक्टरच्या अंगावर जाणे हे तर मुळीच करू नका. २०१० च्या राज्याच्या कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीची दुप्पट भरपाई आहे. मग बिलाची बाजू कितीही खरी असली तरी तुम्ही आरोपी होता.

इथवर वाचून कुणी म्हणेल, कायदा तर चांगला आहे. माझे मत तसे नाही. आपला कायदा दर लिहायला लावतो, पण दर किती असावा हे सांगत नाही. अंदाज दिल्यावर बिल दुप्पट झाले तर काय, याला त्यात उत्तर नाही. सरकारला हे जमत नाही असेही नाही. कोरोनाच्या साथीत २१ मे २०२० च्या आदेशाने खासगी दवाखान्यांच्या ऐंशी टक्के खाटांचे दर बांधले होते. साध्या वॉर्डाचे दिवसाला चार हजार, आयसीयूचे साडेसात हजार आणि व्हेंटिलेटर असेल तर नऊ हजार. जून २०२१ मध्ये शहरांचे तीन वर्ग करून लहान गावांसाठी ते आणखी खाली आणले, तिथे साध्या वॉर्डाचे चोवीसशे झाले. जागोजाग लेखापरीक्षक बसवून बिले तपासली गेली आणि जादा घेतलेले पैसे परत करायला लावले गेले. त्या काळात दवाखाने बंद पडले नाहीत. ऑक्टोबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, कोरोना नसलेल्या रुग्णांना हे दर लावण्याचा अधिकार सरकारला नाही असा निकाल दिला. म्हणजे आदेश काढून भागणार नाही, विधिमंडळातच कायदा करायला हवा.

चंदगड-गडहिंग्लजकडची मंडळी उपचाराला बेळगावला जातात. तिथे कर्नाटकचा कायदा लागतो. २०१७ मध्ये त्यांनी आपला खासगी वैद्यकीय संस्थांचा कायदा सुधारला आणि जिल्ह्याच्या पातळीवर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली तक्रार निवारण ठेवले. पश्चिम बंगालने त्याच वर्षी राज्याचा आयोगच नेमला, त्याच्याकडे जादा बिलाची तक्रार करता येते. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा मात्र आपण स्वीकारलेला नाही. "आमचा स्वतःचा करू" असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. उसाला एफआरपी ठरते, खताच्या गोणीवर कमाल किंमत छापलेली असते, आणि माणसाच्या आतड्याच्या ऑपरेशनला मात्र जो म्हणेल तो भाव, हे कुठवर चालायचे? लेखी अंदाज सक्तीचा करावा, आणि त्याहून ठरावीक प्रमाणापलीकडे बिल गेले तर कारण लेखी द्यायची आणि नातेवाइकांची सही घ्यायची जबाबदारी दवाखान्यावर टाकावी, एवढे जरी झाले तरी पुष्कळ फरक पडेल. आमदार साहेब गावात येतात तेव्हा रस्त्याबरोबर हेही त्यांच्या कानावर घाला.

डॉक्टरांची बाजूही आहे. तालुक्याच्या ठिकाणी दवाखाना काढायचा म्हणजे जागा, मशीन, कर्जाचे हप्ते आले. रात्री-अपरात्री उठणारे, गरिबाचे निम्मे बिल सोडणारे डॉक्टर प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि त्यांची नावे तुम्हाला ठाऊक आहेत. दरपत्रकाची भीती अशांना नसते. त्यांना उलट बरेच वाटेल, कारण शेजारच्याच्या चढ्या बिलाचा रोष त्यांनाही सोसावा लागतो.

तक्रार कुठे करायची? महापालिकेच्या हद्दीत महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे, बाकी जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यांनी तक्रार निवारण कक्ष आणि टोल-फ्री नंबर ठेवायचा आहे. तुमच्या जिल्ह्याचा नंबर कोणता, हे ग्रामपंचायतीने पत्र पाठवून विचारावे आणि उत्तर सूचना फलकावर लावावे. अर्जाची पोच घ्या, तोंडी तक्रारीला काही किंमत नाही. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक आयोग आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आणली. २०१९ च्या नव्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात अर्ज करता येतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

त्या दोन वर्षांसाठी कागद सांभाळा. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, प्रत्येक पावती, औषधाच्या चिठ्ठ्या, डॉक्टरांनी खर्च लिहून दिलेला कागद. दवाखान्याने केसचे कागद दिले नाहीत तर लेखी मागा. मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यायचे असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. सातबारा आणि सोसायटीचे पासबुक ज्या पत्र्याच्या पेटीत ठेवता, त्याच पेटीत हेही ठेवा, आणि ते कुठे आहे ते घरातल्या बाईला सांगून ठेवा.